पेरलं तेच उगवतं ना? मग कृपा म्हणजे नेमकं काय?

मुळाकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न धार्मिक आहे पण भांडण लावायला विचारत नाहीये, महिनाभर डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच बसलंय). माझे थोरले चुलते गेल्या महिन्यात वारले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात पण अण्णांनी पस्तीस-चाळीस वर्षं दारू प्यायली हे अख्ख्या गावाला माहितीय. विहिरीखालचं दोन एकर रान त्यात गेलं, मोठ्या आईचं (त्यांची बायको, आम्ही मोठी आईच म्हणतो) डोरलं गेलं, किराणा दुकानात उधारी करून ठेवायचे ती वेगळी, आणि हातपण उचलायचे. मोठ्या आईनं लोकांच्या रानात खुरपणी केली, मग एका वसतिगृहात बारा वर्षं पोळ्या लाटल्या आणि दोन पोरं शिकवली.

शेवटच्या दीड वर्षात अण्णांचं लिव्हर गेलं. पोटात पाणी व्हायचं, दर पंधरा दिवसांनी काढायला न्यायचं. आणि त्या काळात माणूस बदलला. नाटक नव्हतं ते, मी जवळून बघितलंय. दारू सुटली, बायबल उशाला, कोणी भेटायला आलं की हात धरून रडायचे, मी लई पाप केलं म्हणायचे.

आता मूळ मुद्दा. घरी प्रार्थनासभा झाली तेव्हा पाळकसाहेब बोलले की अण्णांची पाटी कोरी झाली, प्रभूनं त्यांचं सगळं धुऊन टाकलं, ते आत्ता सुखात आहेत. लोकांनी आमेन म्हटलं. माझा चुलतभाऊ (अण्णांचाच थोरला) उठला आणि बाहेर निघून गेला. मी मागून गेलो तर गोठ्याशी उभा. म्हणाला, संडेस्कूलला ह्याच लोकांनी आपल्याकडून पाठ करून घेतलं ना, माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळतं, मग आईनं काय पेरलं होतं? पेरलं ह्यांनी, कापलं आईनं, आणि वरून बक्षीसपण ह्यांनाच.

मला काही बोलता आलं नाही. म्हणून विचारतोय. गलतीकरांस पत्र ६:७ (तेच पेरणीचं वचन) हा नियम असेल तर कृपा म्हणजे त्या नियमातून दिलेली सूट आहे का? सूट असेल तर अण्णांचं लिव्हर का नाही बरं झालं? आणि सूट नसेल तर कृपा म्हणजे काय, नुसता दिलासा? बाकी धर्मातल्या लोकांनीपण सांगा, कर्माचा हिशोब सगळीकडेच आहे.

शंकासुर

सोपं आहे हो. पेरलं तसं उगवतं हे गरिबाला सांगायचं असतं आणि कृपा झाली हे सांगायचं असतं ज्याच्या घरी जेवण आहे त्याला. 😄

सॉरी, दुःखाच्या जागी विनोद नको. पण तुमच्या भावाचं बरोबर आहे असं माझं मत. आमच्याकडे विधवा बाईला मागल्या जन्मीचं पाप म्हणायचे, लहान मूल गेलं तरी कुणाचं तरी कर्म शोधायचे. हा नियम म्हणजे झालेल्या गोष्टीला नंतर चिकटवलेलं लेबल आहे. जो भोगतोय त्यानं काहीतरी केलंच असणार, आपण मदत करायची गरज नाही. आणि कृपा म्हणजे उलट बाजूचं लेबल. दोन्हीचा पुरावा शून्य.

जुनं_पान

मुळाकाठचा, तुमच्या अण्णांना प्रभू विसावा देवो. मी निवृत्त शिक्षक, संडेस्कूल तीस वर्षं घेतलं, म्हणजे तुमच्या भावाच्या रागातला थोडा वाटा माझ्यासारख्यांचापण आहे. आम्ही एकेक वचन सुटं पाठ करून घेतो, आजूबाजूचं वाचत नाही. म्हणून आधी आजूबाजूचं.

गलतीकरांचं पत्र मुळात लिहिलंय कशावर? तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना काही लोक सांगत होते की नुसता विश्वास पुरत नाही, सुंता करा, नियमशास्त्र पाळा, मग देव तुम्हाला आपलं म्हणेल. पत्र लिहिणारा पौल त्यावर भडकलाय. सगळं पत्र कृपेच्या बाजूनं भांडणारं आहे आणि त्याच पत्राच्या शेवटी हे पेरणीचं वाक्य येतं. म्हणजे लिहिणाऱ्याला ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या नव्हत्या. बरं, त्याच्या लगेच आधीचं वचन, ६:६, शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टीत वाटा द्या असं आहे, आणि पुढचं ६:८ म्हणतं की देहासाठी पेराल तर नाश कापाल, आत्म्यासाठी पेराल तर सार्वकालिक जीवन. हे आज काय पेरताय त्याबद्दल पुढे बघून बोलणं आहे. कुणाच्या दारात आजार आला की मागे वळून त्यानं काय पेरलं होतं ते उकरायचं हत्यार नाही. ते आपण केलं.

आता शंकासुरांनी जे लेबल म्हटलं त्याबद्दल. बायबलमध्ये ते लेबल लावणारा माणूस आहे, आणि त्याचं काय झालं तेही आहे. इयोबाचं पुस्तक. इयोबाची पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगावर फोड आले, आणि त्याचा मित्र अलीफज येऊन सांगतो की मी तर हेच बघितलंय, जे अधर्म नांगरतात आणि कष्ट पेरतात ते त्याचंच पीक कापतात (४:८). शब्द जवळजवळ तेच! आणि शेवटच्या अध्यायात देव ह्याच अलीफजला सांगतो की माझा तुझ्यावर राग भडकलाय, तू माझ्याविषयी नीट बोलला नाहीस (४२:७). संडेस्कूलला हे आम्ही कधी पाठ करून घेतलं नाही बघा.

येशूपुढे हा विषय दोनदा आला. जन्मांध माणूस बघून शिष्य म्हणाले, पाप कोणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं? तो म्हणाला दोघांचंही नाही (योहान ९). आणि शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा तो म्हणाला, ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका (लूक १३). म्हणजे मोठ्या आईचे कष्ट हे तिचं पीक होतं हा अर्थ काढायला शास्त्रात आधार नाही. तो विषयच बंद.

लिव्हरचं सांगतो. दावीद राजानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे धाडून मारवलं. नाथान संदेष्टा येतो, दावीद कबूल करतो, आणि नाथान म्हणतो परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस, पण मूल वाचणार नाही. आणि तलवार तुझ्या घरातून हलणार नाही हे त्याआधीच सांगून झालेलं असतं (२ शमुवेल १२). दोन्ही एकाच दमात. क्षमा झाली आणि परिणाम राहिला. हे मला आजही गिळायला जड जातं, विशेषतः त्या मुलाचं, खोटं कशाला बोलू. पण सूट म्हणजे सगळं पुसलं असा अर्थ तिथे नाही एवढं नक्की.

काळी_माती

मी शास्त्र बिस्त्र काही शिकलेलो नाही पण पेरणीवर बोलताय म्हणून लिहितो. पेरलं तेच उगवतं हे म्हणणारा माणूस कधी पेरायला गेलेला नसतो असं माझं स्पष्ट मत आहे 😅

मागे एका वर्षी सोयाबीन पेरलं, मोठी बॅग, पक्की पावती, उगवलंच नाही, दुबार पेरणी केली, मग पाऊस गायब. आता सांगा मी काय पेरलं होतं आणि काय कापलं, कर्ज कापलं. आणि बांधावर गाजरगवत कमरेएवढं, ते कुणी पेरलं? उसाचं घ्या, एकदा लागण केली की पहिला ऊस तुटून गेल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो, खोडवा, त्याला बेणं लागत नाही नांगरट लागत नाही, मागच्याच मुळावर दुसरं पीक उभं राहतं. आता तो खोडवा पेरला म्हणायचा का नाही?

आणि मुख्य म्हणजे पाऊस. बी आपण टाकतो, पाऊस कोण टाकतो? एका दाण्याचं कणीस होतं त्यात आपलं एकच दाणा. बाकीचे सगळे दाणे वरचे. मला तर उलटं वाटतं की कृपा हाच नियम आहे आणि पेरलं तसं उगवणं हा त्यातला छोटासा भाग, पण ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. गव्हाच्या जागी ज्वारी येत नाही एवढं मात्र खरं, म्हणजे तुमच्या अण्णांनी दारू पेरली आणि लिव्हर कापलं ह्यात काही चूक झालेली नाही.

जुनं_पान

@काळी_माती शास्त्र शिकलेलो नाही म्हणता आणि मत्तय ५:४५ सांगून मोकळे झालात. चांगल्यावर आणि वाईटावर दोघांवरही तो पाऊस पाडतो.

वारीतला

चांगला धागा आहे, आमच्या बाजूनं थोडं.

आपल्याकडे हिशोब तीन खात्यांत असतो. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे त्यातलं ह्या जन्मात भोगायला निघालेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता करतोय ते. ज्ञानानं किंवा देवाच्या कृपेनं संचित जळतं, गीता ४:३७ मध्ये ज्ञानाग्नी सगळी कर्मं भस्म करतो असं म्हटलंय, पण प्रारब्धाला वेदान्ती लोक सुटलेल्या बाणाची उपमा देतात, भात्यातले बाण टाकून देता येतात, सुटलेला जिथे लागायचा तिथे लागतो. म्हणजे दावीद राजाची गोष्ट आमच्या भाषेत सांगायची तर संचित माफ, प्रारब्ध चालू. लिव्हर हा सुटलेला बाण.

कृपा कशी मिळते ह्यावर आमच्यातपण मतभेद आहेत. दक्षिणेत रामानुजांच्या संप्रदायात दोन तट पडले, वडकलै आणि तेंकलै. एक म्हणतात माकडाच्या पिलासारखं, आई उडी मारते पण पिलानं पोटाला घट्ट धरलं पाहिजे. दुसरे म्हणतात मांजरीच्या पिलासारखं, पिल्लू काहीच करत नाही, आई मानगूट धरून उचलते. तुमचे अण्णा शेवटच्या दीड वर्षात माकडाचं पिल्लू होते का मांजराचं, विचार करा.

आणि भागवतातला पापी अजामिळ. सगळे त्याचं नाव सवलतीसाठी घेतात, शेवटी चुकून नारायण म्हटलं (मुलाचं नाव होतं) आणि सुटला, मग आपणही शेवटी म्हणू. पण भागवतात गोष्ट तिथे संपत नाही. यमदूत गेल्यावर तो जिवंत राहतो, आपण काय काय केलं ते आठवून रडतो, घर सोडून गंगाद्वाराला जातो, तिथे साधना करतो आणि मग सुटतो. कीर्तनात हा भाग बरेचदा वेळेअभावी कापतात.

तुमच्या भावाच्या प्रश्नाला मात्र हे उत्तर नाही, ते मला कळतंय. त्याचा प्रश्न हिशोबाचा आहे. त्यावर मला तुकोबा आठवतात. घरात सावकारी होती, १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, बायको गेली, धंदा बसला. आणि परंपरेत असं सांगतात की पुढे त्यांनी लोकांकडच्या येण्याची कागदपत्रं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ऋणको सुटले. बघा इथे काय झालं. कर्ज हवेत विरलं नाही. ते तुकोबांच्या घरात राहिलं, त्यांच्या बायकापोरांच्या ताटात राहिलं. माफी म्हणजे बाकी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या नावे पडते. आणि भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, दुसऱ्याचं येणं आपण माफ करायचं नसतं, हेही लक्षात घ्या.

रात्रपाळी

वारीतलाचं शेवटचं वाक्य मला ह्या अख्ख्या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि त्यावरून पुढे बोलते.

मी नर्स आहे, लिव्हरच्या वॉर्डात सात वर्षं काढलीत. असे अण्णा मी खूप बघितलेत आणि त्यांच्या पलंगाशेजारी स्टूलवर बसलेल्या मोठ्या आया त्याहून जास्त बघितल्यात. पाणी काढताना बाटली धरणारी तीच, डायपर बदलणारी तीच, रात्री दोनला पेशंट गोंधळून शिव्या द्यायला लागला (अमोनिया चढला की होतं तसं) की त्या शिव्या ऐकणारी तीच. आणि सकाळी पाळक किंवा महाराज किंवा कोणीतरी येतं, पेशंटचा हात धरतं, तो रडतो, आणि सगळे म्हणतात वा काय परिवर्तन. मला देवाच्या माफीशी काही भांडण नाही हो, देवानं देवाचं येणं माफ करावं. पण ज्या बाईच्या डोरल्याचं येणं आहे तिला कोणी विचारलं का? पाटी कोरी झाली म्हणताना पाटी एकच होती का दोन?

मी पण चर्चला जाते म्हणून जक्कयची गोष्ट सांगते, जकातदार, लोकांना लुबाडलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आधी काही अट घातली नाही, ही कृपा. आणि मग जक्कय उभा राहून काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो (लूक १९). रडलो एवढंच नाही म्हणाला. चौपट. आकडा आहे त्यात. आणि त्यानंतर येशू म्हणतो आज ह्या घराला तारण मिळालं. आता अण्णांकडे परत द्यायला काहीच उरलं नव्हतं हे मला समजतं, येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडेपण नव्हतं आणि त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. पण नसेल तर नाही म्हणा, तिच्यासमोर तिचं नाव घेऊन म्हणा, तुझं एवढं एवढं माझ्याकडे निघतं आणि मी देऊ शकत नाही. ते झालं होतं का, हे मला मुळाकाठचाला विचारायचंय. आणि कृपा करून मोठ्या आईला कोणी क्षमा कर क्षमा कर म्हणून मागे लागू नका. ते तिचं खातं आहे.

शंकासुर

@रात्रपाळी 🙏 मी नास्तिक आहे पण तुमच्या चर्चला येऊन बसेन एखाद दिवशी.

सगळे गोष्टी सांगतायत तर मी एक इतिहासातली सांगतो, कृपेवरचं जगातलं बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध गाणं आहे ना, अमेझिंग ग्रेस, त्याच्या कवीची. जॉन न्यूटन. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, आणि तिथून आपलं परिवर्तन झालं असं तो सांगायचा. छान. पण त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांवर कॅप्टन होता! १७५४ पर्यंत. तेसुद्धा तब्येतीमुळे सोडलं. मग पाद्री झाला १७६४ ला, गाणं आलं १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेला, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर लिहिलं कधी, तर १७८८ मध्ये. चाळीस वर्षं! माझा प्रश्न एवढाच की ती कृपा त्या चाळीस वर्षांत काय करत होती? जहाजाच्या तळाला साखळीत जे होते त्यांनी कुठल्या जन्मी काय पेरलं होतं?

जुनं_पान

शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच जोडतो की त्यानं १७८८ मध्ये जे लिहिलं त्यात आपण स्वतः त्या धंद्यात होतो हे लपवलं नाही, उलट कबुली उशिरा येतेय असं स्वतःच लिहिलं, आणि त्याची साक्ष व्यापार बंद करायची चळवळ करणाऱ्यांच्या कामी आली. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. पण साखळीतल्या माणसांना ह्याचा काही उपयोग झाला नाही हे तुमचं खरंच आहे. बोनहोफर नावाचा जर्मन पाळक (हिटलरच्या लोकांनी ह्याला १९४५ मध्ये फाशी दिलं) स्वस्त कृपा असा शब्द वापरायचा. पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा, दुकानातल्या मालासारखी. प्रार्थनासभेत आम्ही लोक तीच वाटतो बरेचदा, घरात रडारड असते, वेळ कमी असतो, बरं बोलायचं असतं. पाळकसाहेबांवर फार रागावू नका, पण त्यांना जाऊन हे सगळं सांगा जरूर.

मुळाकाठचा, तुमच्या भावाचं ते वाक्य, पेरलं ह्यांनी आणि कापलं आईनं. रात्री त्यावरच विचार करत होतो आणि मला रूथ आठवली. बेथलेहेमात आलेली परदेशी विधवा, मवाबी, सासूबरोबर. जमीन नाही, काही नाही. दुसऱ्याच्या रानात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. सरवा शब्द आता पोरांना कळत नाही, आपल्या जुन्या मराठी बायबलात तोच आहे. नियमशास्त्रात हुकूम होता की शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या (लेवीय १९). म्हणजे जिथे पेरलं तसं कापण्याचा नियम होता त्याच शेतात, त्याच नियमशास्त्रानं, न पेरणाऱ्यासाठी कड सोडून ठेवली होती. आणि त्या शेताचा मालक बवाज नियमापुढे जातो, आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं उपसून तिच्यासाठी टाका आणि तिला बोलू नका (रूथ २:१६). तिला कळूही न देता. त्या संध्याकाळी तिनं झोडपलं तर एफाभर (एफा म्हणजे धान्याचं जुनं माप) जव निघाले. रूथनं ते पेरलं नव्हतं. पण कोणीतरी पेरलं होतं, नांगरलं होतं, आणि आपल्या वाट्यातून कमी केलं होतं. वारीतला म्हणाले तसं, दुसऱ्याच्या नावे पडलं. मला कृपा शब्दाचा अर्थ विचाराल तर मी हा अध्याय दाखवीन. आम्ही ख्रिस्ती लोक वधस्तंभाबद्दल जे बोलतो तेही शेवटी हेच आहे, की बाकी कुणाच्या नावे पडली.

तुमच्या घरात ती मोठ्या आईच्या नावे पडली, हे मला दिसतं. ते बरोबर झालं असं मी म्हणत नाही.

काळी_माती

आमच्याकडे सरवा अजून आहे, शेंगांचा आणि कांद्याचा. हार्वेस्टर आल्यापासून गव्हाचा राहिला नाही फारसा.

मुळाकाठचा

सगळ्यांना थँक्यू, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण मी गावी गेलो होतो. ह्या रविवारी मोठ्या आईकडे जाऊन बसलो. हा धागा तिला वाचून नाही दाखवला, पण रात्रपाळी ताईंचा प्रश्न विचारला, जमेल तसा, की अण्णा तुला काही बोलले होते का.

ती शेंगा निवडत होती. म्हणाली बोलले होते. दवाखान्यात एका रात्री म्हणाले तुझं डोरलं मी विकलं, कुठल्या सोनाराला विकलं आणि किती रुपये आले ते पण सांगितलं, तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी विचारलं मग तू काय म्हणालीस? म्हणाली काय म्हणणार, गोळी घ्या म्हणाले, बारा वाजून गेले होते. मी विचारलं माफ केलंस का. तर म्हणाली ते पाळकांनी केलं ना, मला कशाला विचारतो. मग बराच वेळ काही बोलली नाही आणि मी पण नाही विचारलं. किराण्याच्या उधारीची लाल वही तिनं अजून ठेवलीय, ती दाखवली, अण्णांची उधारी तिनं नऊ वर्षं फेडली, शेवटच्या पानावर दुकानदारानं बाकी नाही असं लिहून सही केलीय. ती वही तिच्या बायबलाच्याच पिशवीत असते. भाऊ तिथेच बसला होता, त्यानं वही हातात घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली, काही बोलला नाही, तो रविवारी उपासनेला आला नाही ते नाहीच.

पण जुनं_पान सर, सरव्याचं मी मुद्दाम काढलं. रूथची गोष्ट तिला पाठच आहे. ती हसली आणि म्हणाली मी वेचलाय की सरवा, आपल्याच रानात. मला कळेना. मग सांगितलं की विहिरीखालचं ते रान अण्णांनी विकलं त्यानंतरच्या उन्हाळ्यात ज्यांनी घेतलं होतं त्यांनी तिथे भुईमूग केला होता. उपटताना जमीन कडक झालेली होती, शेंगा तुटून बऱ्याच आत राहिल्या. ही दोन पोरांना घेऊन खुरपं घेऊन गेली सरव्याला, लाज वाटत होती म्हणे, पोरं म्हणत होती हे तर आपलं रान आहे. त्या मालकानं बघितलं. काही बोलला नाही, घरी गेला. दुसऱ्या दिवशी ह्या गेल्या तर विहिरीजवळच्या चार वाफ्यांना रात्रीत पाणी दिलेलं होतं. पीक निघून गेलेलं, त्या वाफ्यांना पाणी द्यायचं काही कारणच नव्हतं. जमीन लोण्यासारखी मऊ झाली होती. दोन पायल्या शेंगा निघाल्या म्हणाली.

तो मालक अजून आहे, म्हातारा झालाय, मुसलमान आहे, अण्णांच्या मातीला आला होता आणि मागे उभा राहून गेला. मी तिला विचारलं तू त्यांना कधी म्हणालीस का की पाणी तुम्ही दिलं ते मला कळलं होतं. म्हणाली नाही बाबा, आणि तू पण म्हणू नको, त्यांना वाटेल इतकी वर्षं लक्षात ठेवलं.